आम्हाला कोणी विचारलं?

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी साडेसातला फोन वाजला. इकडे इंग्लंडात साडेसात म्हणजे तिकडे दुपारचे बारा. माझ्या चुलतभावाचा मुलगा होता. वय वर्षं बावीस, पुण्यात नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं. एरवी हा मुलगा मला दिवाळीच्या शुभेच्छांपलीकडे काही पाठवत नाही.

"काका, एक प्रॉब्लेम झालाय. आईचं जरा..."

आणि गप्प. परदेशात राहणाऱ्यांना ठाऊक असेल, अशा 'जरा...' नंतरच्या शांततेत माणूस मनातल्या मनात विमानाचं तिकीट काढून मोकळा होतो. मी दोन-तीन मोठ्या आजारांची नावं घेऊन विचारलं. तो नाही नाही म्हणत राहिला. शेवटी एकदाचं बाहेर पडलं. त्याची आई, वय त्रेचाळीस, गरोदर आहे. सातवा आठवडा.

मी हसलो. हसायला नको होतं, पण सुटकेचं हसू आवरत नाही. त्याला वाटलं मी त्याला हसतोय. चिडून म्हणाला, "काका, तुम्ही बाबांना समजावा. ते तुमचं ऐकतात. या वयात हे असलं... आईच्या तब्येतीला झेपणार नाही."

तब्येत! हा शब्द ऐकला आणि माझं हसू गेलं. कारण मंडळी, या विषयात मी त्याचा सिनियर आहे. हीच परीक्षा मी १९९५ साली दिली आणि सपशेल नापास झालो. पेपरात मीही हाच शब्द लिहिला होता. तर हा लेख त्या पोरासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्या थोरल्या भावंडांसाठी. राग आला तर येऊ दे.

मी त्याला विचारलं, "आईचं बीपी किती असतं?" माहीत नाही. "शुगर?" माहीत नाही. "हिमोग्लोबिन? थायरॉइड?" "काका, ते सगळं डॉक्टर बघतील ना." त्याची आई गेली दोन वर्षं रक्तदाबाची गोळी घेते. हे मला माहीत आहे, कारण तिने मागच्या भेटीत माझ्या बायकोला सांगितलं होतं. पोटच्या पोराला पत्ता नाही. बरं, त्याच्या काळजीची पुढची पायरी काय? मला वाटलं, चांगली स्त्रीरोगतज्ज्ञ कोण, असं विचारेल. त्याने विचारलं नाही. तो म्हणाला, "आणि काका, अजून कोणाला सांगू नका हं. काकूंना पण नको."

ज्याला काळजी असते तो डॉक्टरचा नंबर शोधतो. ज्याला लाज वाटते तो 'कोणाला सांगू नका' म्हणतो. एवढा फरक ओळखायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही.

चाळिशीनंतरच्या बाळंतपणात धोका नाही असं मी अजिबात म्हणत नाही. आकड्यांशी भांडायचं नसतं. आई पंचविशीची असेल तर बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता साधारण साडेबाराशेत एक, चाळिशीला शंभरात एक आणि पंचेचाळिशीला तीसात एक. रक्तदाब वाढणं, गरोदरपणातला मधुमेह, आपोआप होणारा गर्भपात, सिझेरियन, सगळ्यांचंच प्रमाण वाढतं. पण हे आकडे ती बाई आणि तिची डॉक्टर यांनी समोरासमोर बसून बघायचे असतात. तपासण्या आहेत, सोनोग्राफी आहे, त्यातून काय निघतं ते बघून ठरवायचं असतं. थोरल्या चिरंजीवांनी आपली लाज गुंडाळायला ते आकडे वापरायचे नसतात. माझा आक्षेप धोक्याच्या चर्चेला नाही. तिच्या नावाखाली आपण जे खपवतो त्याला आहे.

आता माझी गोष्ट.

१९९५ साली मी वीस वर्षांचा, पुण्याला हॉस्टेलवर. घर कराडला. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून, वय सत्तेचाळीस. आई बेचाळीस. धाकटी बहीण अठराची, बारावी होऊन तिच्यासाठी 'एखादं चांगलं स्थळ असलं तर बघू' अशी भाषा नुकतीच सुरू झालेली. आई घरी शिवणकाम करायची. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे फ्रॉक. तीन-चार महिने तिची पाळी आली नव्हती. शेजारपाजारच्या बायका म्हणाल्या, जायची वेळ आली, आता सुटलीस. आईलाही तसंच वाटलं. हे सर्रास होतं बरं का. चाळिशीनंतर पाळी मागेपुढे व्हायला लागते, त्यामुळे ती चुकली तरी दिवस राहिल्याची शंकाच येत नाही. पाळी थांबून सलग वर्ष लोटेपर्यंत दिवस राहू शकतात, हे आपल्याकडे चार बायकांत उघडपणे कोणी बोलत नाही. आई पोट फुगतंय, ॲसिडिटी झालीय म्हणून डॉक्टरकडे गेली आणि चार महिने पूर्ण झाल्याची बातमी घेऊन परत आली.

मला बाबांचं इनलँड लेटर आलं. पहिल्या चार ओळी फीबद्दल, पुढच्या दोन पावसाबद्दल, आणि मग दुमडायच्या कडेला बारीक अक्षरात, 'आईला दिवस गेले आहेत. डॉक्टरांनी नोव्हेंबरची तारीख दिली आहे. काळजी नसावी.'

मी ते तीनदा वाचलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. पहिला विचार आईचा आला नाही. पहिला विचार होता, रूमपार्टनरला कळलं तर? आणि दुसरा विचार, जो प्रत्येक वीस वर्षांच्या पोराच्या मनात येतो आणि कोणीच कबूल करत नाही... म्हणजे हे दोघं अजून...?

खरी गोम इथे आहे. बाकी सगळं, तब्येत, वय, बहिणीचं लग्न, खर्च, या दुसऱ्या विचारावर टाकलेल्या गोधड्या आहेत. आपली भाषा आईपणाच्या आरत्या ओवाळून थकत नाही. आई म्हणजे देव, आई म्हणजे वात्सल्य, आई म्हणजे अमुक आणि तमुक. पण ते आईपण माझ्यापाशी सुरू व्हावं आणि माझ्यापाशीच संपावं अशी अट आहे. माझ्यानंतर वीस वर्षांनी तिने पुन्हा आई व्हायचं म्हणजे ती मधली वीस वर्षंही कोणाची तरी बायको होती, तिला शरीर होतं, आणि दार लावल्यावर तिचं एक आयुष्य होतं ज्यात मी कुठेच नव्हतो. हे पचत नाही. देवीच्या मूर्तीने अचानक हात खाली घेऊन पाठ खाजवावी तसं होतं आपलं.

मी उत्तर लिहिलं. चांगलं दोन पानी. त्यात होतं की बहिणीच्या लग्नाचा विचार केलात का, लोक आपल्याला काय म्हणतील, माझ्या शिक्षणाचा खर्च अजून दोन वर्षं आहे. आणि हो, 'आईच्या तब्येतीला हे झेपणार आहे का?' हे वाक्य शेवटून दुसरं होतं. ते पत्र आईने पुढे ठेवलं नाही, टाकून दिलं, हे तिचे माझ्यावरचे उपकार. शब्द मात्र माझ्या लक्षात आहेत, कारण परवा तोच पेपर मला फोनवर वाचून दाखवला गेला.

त्या पावसाळ्यात आईकडची गिऱ्हाईकं एकदम वाढली. वर्षानुवर्षं दुसरीकडे शिवणाऱ्या बायकासुद्धा ब्लाऊजपीस घेऊन हजर. माप द्यायला यायच्या आणि आईचंच माप घेऊन जायच्या, नजरेने. हे मला बहिणीने नंतर सांगितलं. आईने एकीलाही परत पाठवलं नाही. सगळ्यांचे ब्लाऊज घेतले आणि प्रत्येकीकडून घाईचे म्हणून दहा रुपये जास्त लावले! माझ्या आईबद्दलची ही माझी सर्वात आवडती गोष्ट आहे आणि ती घडत असताना मी पुण्यात तोंड लपवून बसलो होतो.

बाबांच्या ऑफिसात लोकांनी पेढे मागितले. 'काय राव, रिटायरमेंटच्या आधी एक विकेट!' वगैरे. पाठीवर थापा पडल्या. बाबा लाजले खरे, पण त्या लाजण्यात थोडी शाबासकीही मिसळलेली होती. आईच्या वाट्याला शाबासकी आली नाही. तिच्या वाट्याला आत्या आली. माझी थोरली आत्या साताऱ्याहून एसटीने मुद्दाम आली आणि चहा पिता पिता म्हणाली, "वहिनी, शोभतं का गं हे या वयात? ऑपरेशन का नाही करून घेतलंस वेळेवर?"

सख्खा भाऊ समोर पेपर वाचत बसला होता. त्याला तिने विचारलं नाही. ऑपरेशन त्यालाही करून घेता आलं असतं. पुरुषाचं ऑपरेशन बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपं असतं, पोट उघडावं लागत नाही. पण हे आपल्याकडे गणितातच धरत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांत बाईने नसबंदी करून घेतल्याचं प्रमाण ३७.९ टक्के आहे. पुरुषाने करून घेतल्याचं ०.३ टक्के. छपाईची चूक नाही, शून्य पूर्णांक तीन. आणीबाणीत जबरदस्तीने केलेल्या नसबंद्यांनंतर पुरुषांनी जे अंग काढून घेतलं ते आजतागायत. म्हणजे दिवस राहू नयेत ही जबाबदारी बाईची, राहिले तर लाज बाईची आणि पाठीवरची थाप तेवढी बाबांची. माझ्या पुतण्यानेसुद्धा फोनवर 'आईचं जरा...' असंच म्हटलं ना? 'आईबाबांचं जरा...' असं नाही म्हटलं.

आत्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. माझ्या आजीला नऊ बाळंतपणं झाली. त्यातली तीन मुलं गेली. शेवटचा मुलगा, म्हणजे माझा सगळ्यात धाकटा काका, १९५८ साली झाला तेव्हा आजी बेचाळीस वर्षांची होती. बरोबर माझ्या आईएवढी. आणि त्याच वर्षी तिची थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. कोण? हीच आत्या! मायलेकींच्या दोन खाटा एकाच खोलीत. माझा तो काका आणि आतेभाऊ, नात्याने मामा-भाचे, पुढे गावच्या शाळेत एकाच बाकावर बसले. मास्तरांना नातं समजावून सांगताना दोघं वैतागायचे, असं आमच्या घरात अजूनही हसत हसत सांगतात. त्या खोलीत कोणी कोणाला 'शोभतं का' विचारलं नव्हतं.

म्हणून 'आपल्या संस्कृतीत हे बसत नाही' असं कोणी म्हणालं की मला गंमत वाटते. कुठल्या संस्कृतीत? दोन पिढ्या मागे जा, तुमच्याही घरात पुतण्यापेक्षा धाकटा काका निघेल. शेवटच्या मुलाला आपण शेंडेफळ म्हणतो. झाडाच्या शेंड्याला सर्वात शेवटी येणारं फळ. ज्या भाषेने इतका लाडका शब्द करून ठेवला तिला या गोष्टीची लाज वाटत असेल का?

ही लाज नवी आहे. ती लाल त्रिकोणाबरोबर आली. गैरसमज नको, कुटुंबनियोजनाला माझा विरोध नाही. नऊ बाळंतपणं आणि तीन मुलांची मरणं यात काही रम्य नसतं, आजीला विचारलं असतं तर तिनेच सांगितलं असतं. १९९२-९३ साली देशात दर बाईमागे सरासरी ३.४ मुलं होती, २०१९-२१ मध्ये २. महाराष्ट्रात तर १.७. बायकांचा जीव सुटला, चांगलंच झालं. पण त्यासोबत आपण मध्यमवर्गीयांनी एक भलतंच अनुमान काढलं. दोन मुलं म्हणजे सुशिक्षित आणि तिसरं म्हणजे अडाणी. त्यातून ते मुलीचं लग्नाचं वय झाल्यावर आलं तर मग विचारूच नका. मी ज्याला नैतिक अडचण समजत होतो ती खरं तर 'आपण त्यातले नाही' हे सिद्ध करण्याची धडपड होती. पाटबंधारे खात्यातल्या कारकुनाचा इंजिनिअर होऊ घातलेला मुलगा मी. मला वर चढायचं होतं, आणि माझ्या मते आईने शिडी हलवली.

नोव्हेंबरात मुलगी झाली. सुखरूप. मी परीक्षेचं कारण सांगून बारशाला गेलो नाही. परीक्षा बारशानंतर तीन आठवड्यांनी होती.

१९९९ च्या सप्टेंबरात मी इंग्लंडला आलो आणि दोन महिन्यांत इथल्या पेपरांत बातमी झळकली. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांची बायको शेरी ब्लेअर गरोदर. वय पंचेचाळीस, तीन मुलं आधीची, थोरला पंधरा वर्षांचा. मी ऑफिसात चहाच्या वेळी कान टवकारून बसलो. आता ही मंडळी काय बोलतात बघू. चेष्टा झाली, नाही असं नाही. इथले पेपर काही सोवळे नाहीत. पण काही दिवसांनी वाद सुरू झाला तो निराळाच. बाळ झाल्यावर पंतप्रधानाने रजा घ्यावी की नाही? म्हणजे प्रश्न बापाला विचारला जात होता! बाळाच्या जबाबदारीत बापही असतो हे मी भर चहाच्या टेबलावर पहिल्यांदा ऐकलं. २००० च्या मे महिन्यात मुलगा झाला. पुढे २००८ साली बाईंनी 'स्पीकिंग फॉर मायसेल्फ' या आत्मचरित्रात हे कसं झालं तेही लिहून टाकलं. बाल्मोरलच्या राजवाड्यात पाहुणे म्हणून गेले असताना आधीच्या खेपेला नोकरांनी त्यांची बॅग उघडून सगळं सामान लावून ठेवलं होतं, त्याचा संकोच वाटून पुढच्या खेपेला त्यांनी गर्भनिरोधकाचं साधन नेलंच नाही. वकीलबाई, पंतप्रधानाची बायको, पण कारण काय तर लाज! हे वाचून मला कराडच्या बायका आठवल्या, आणि आपल्याकडच्या कुठल्याच बाईला असं लिहायची मुभा नाही हेही आठवलं.

मग दोन वर्षांनी आमच्याच ऑफिसातली एक सहकारी चव्वेचाळिसाव्या वर्षी गरोदर राहिली. तिची आधीची दोन मुलं कॉलेजात. केक आला, कार्ड फिरलं. मी कार्डावर 'फार आनंद झाला' अशा अर्थाचं काहीतरी लिहून सही केली आणि वर्गणीचे पाच पौंड दिले. संध्याकाळी घरी येईपर्यंत काही जाणवलं नाही. घरी आल्यावर कराडला फोन लावला, सहा वर्षांची धाकटी फोनवर आली आणि 'दादा, तू कधी येणार?' म्हणाली, तेव्हा मात्र घशाखाली काही उतरेना. परक्या बाईला पाच पौंड आणि आनंद. स्वतःच्या आईला दोन पानी पत्र.

आता 'बघा, परदेशात लोक किती पुढारलेले' असा निष्कर्ष काढू नका. पस्तिशीनंतर गरोदर राहणाऱ्या बाईला डॉक्टरी इंग्रजीत 'जेरिॲट्रिक' म्हणायची पद्धत इकडचीच, म्हणजे म्हाताऱ्यांच्या विभागाचं विशेषण. इथे चाळिशीतली बाळंतपणं वाढलीत ती बरीचशी पहिलटकरणींची, नोकरी, घर, जोडीदार यांत उशीर झाला म्हणून. २०१५ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये चाळिशीपुढच्या बायकांचा जननदर वीस वर्षांखालच्या मुलींच्या वर गेला, १९४७ नंतर पहिल्यांदाच. त्यामुळे इथे पोट दिसलं तर कोणी वळून बघत नाही. मोठेपणा असा काही नाही, सवयीचा भाग. मला सुधारलं ते इंग्रजांनी नाही. तोच मनुष्य दोन ठिकाणी दोन तोंडांनी बोलतो हे मला माझ्याच सहीत दिसलं, एवढंच.

२०१८ साली 'बधाई हो' आला. आमच्या ग्रुपमधले सगळे बघून आले, हसले, डोळे पुसले. मलाही आवडला. नीना गुप्ता आणि गजराज राव यांनी काय काम केलंय! आजी झालेल्या सुरेखा सिक्रींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच. पण बाहेर पडताना एक गोष्ट खुपली. गोष्ट आईच्या पोटाची, आणि मध्यावर थोरला मुलगा, त्याची प्रेयसी, त्याचा रुसवा, त्याचं मनपरिवर्तन. मुलाने शेवटी आईला आपलं म्हटलं की आपण टाळ्या वाजवतो. म्हणजे काय, मुलाने मोठ्या मनाने आईला माफ केलं? कशाबद्दल? आमच्या ग्रुपमधल्या एकाने मला डोळे पुसत सांगितलं, "आपल्या पिढीने स्वीकारलं पाहिजे रे." स्वीकारणारे आपण कोण? अर्ज कोणी केला होता?

यापुढचा मुद्दा माझ्यासाठी सर्वात अवघड आहे. ती मुलगी आता तिशीची आहे. पुण्यात नोकरी करते. मी इकडे, मधली लग्न होऊन बंगळुरूला. आईने सत्तरी ओलांडली, बाबा त्याही पुढे. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला कोण होतं? धाकटी. बाबा बाथरूममध्ये पडले तेव्हा रात्री पुण्याहून गाडी काढून कोण गेलं? धाकटी. आणि आता ज्यांनी तेव्हा नाकं मुरडली होती तेच नातेवाईक मला सांगतात, "देवाचीच योजना बघ. तुम्ही दोघं लांब, पण म्हातारपणाला एक ठेवली त्याने." आत्यासुद्धा शेवटी शेवटी हेच म्हणायची.

मला हे वाक्य 'शोभतं का' पेक्षा जास्त झोंबतं. तेव्हा ती लाज होती, आता ती सोय आहे. दोन्ही वेळा हिशेब दुसऱ्यांचाच. तिने रात्री गाडी काढली नसती, ती उद्या कॅनडाला गेली, तर तिचा जन्म पुन्हा अशोभनीय ठरणार का? आणि खरं सांगायचं तर या वाक्याचा सर्वात मोठा लाभार्थी मी आहे. देवाची योजना म्हटलं की माझं इथे राहणं आपोआप माफ होतं. मी एकदा हे तिला म्हणालो, जरा हळवा होऊन, 'तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे' वगैरे. ती म्हणाली, "दादा, मी बहीण आहे तुझी. एलआयसीची पॉलिसी नाही." त्यानंतर वर्षातून दोनदा मी जातो, आणि त्यातले तीन आठवडे ती ट्रेकला नाहीतर कुठेतरी फिरायला जाते, मुद्दाम. तिच्या जागी मी औषधांचे डबे भरतो.

आणि एक कबुली. १९९७ ला माझं शिक्षण संपलं तेव्हा आईबाबा धाकटीला घेऊन पुण्याला आले होते. ती दीड-दोन वर्षांची, आईच्या कडेवर. हॉस्टेलच्या दारात एक मित्र भेटला. "किती गोड! कोण ही?" मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "मामेबहीण." शेजारी आई उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. आणि मित्राने तिला विचारलं, "काकू, तुमच्या भावाची का?"

आईने मुलीचं टोपरं नीट केलं आणि म्हणाली, "हो. भावाचीच." मग त्याला विचारलं, "तू जेवलास का रे बाळा?"

स्वतःच्या मुलीला तिने माझ्यासाठी, माझ्या तोंडादेखत, परकं म्हटलं. त्या दिवशी कोणाच्या तब्येतीला काय झेपलं देव जाणे.

तर परवा मी त्या पोराला काय सांगितलं? पहिलं सांगितलं की मी तुझ्या बाबांना काहीही समजावणार नाही. आपल्याकडे १९७१ पासून गर्भपाताचा कायदा आहे. त्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही, दवाखाने मागत असले तरी. जिथे नवऱ्याला मत नाही तिथे बावीस वर्षांच्या मुलाला आणि साता समुद्रापलीकडच्या चुलत दिराला कुठून असणार? 'पण काका, आम्हाला कोणी विचारलंच नाही,' तो म्हणाला. बरोबर आहे. नाहीच विचारायचं. तू झालास तेव्हा तरी कोणाला विचारून झालास?

गेल्या आठवड्यात त्याचा पुन्हा फोन आला. त्याच्या आईने डॉक्टरीणबाईंशी बोलून, आपलं आपण ठरवून, गर्भपात करून घेतला होता. यावर काही वाचक हिरमुसतील, त्यांना बारसं हवं असेल. माझ्या आईने ठेवायचं ठरवलं, हिने नाही ठरवलं. दोघींची कारणं त्यांच्यापाशी. मला ती विचारायचा अधिकार नाही आणि मी विचारलीही नाहीत.

पोराच्या आवाजात सुटका स्पष्ट ऐकू येत होती. "झालं काका एकदाचं. कोणाला कळलं पण नाही."

मी विचारलं, "आई कशी आहे?"

"बरी आहे. म्हणजे... असेल बरी. बाबा म्हणाले झोपून असते. मी अजून गेलो नाहीये, रिलीज आहे या आठवड्यात."

"फोन केलास?"

"काय बोलायचं काका? मला ऑकवर्ड होतं."

मी म्हटलं, काही बोलू नकोस. रात्रीची नाशिकची गाडी मिळेल, ती पकड. गेल्यावर वरण-भाताचा कुकर लाव, तिच्या बीपीच्या गोळीचं नाव वाचून ठेव, आणि ती तुला हाकलत नाही तोवर तिथेच बस.

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग म्हणाला, "काका, भाताला पाणी किती घालायचं असतं?"